नाकावरचा जोड

“आई, त्याला सांग, दार लाव म्हणावं. धुकं घरात येतंय,” नोर्मा म्हणाली.

नेरियो दारातच उभा होता, तिच्यापासून दोन हातांवर. सख्खा धाकटा भाऊ. पण वसंतात नवरा लेआर्को गेल्यापासून नोर्मा त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. जे काही सांगायचं ते आईच्या तोंडून. आर्जियालाही आता त्याची इतकी सवय झाली होती की मान वर न करता ती निरोप पोचवायची.

“दार लाव,” आर्जिया म्हणाली.

“ऐकलं मी. माझे कान शाबूत आहेत.”

आर्जियाचं लाटणं पिठाच्या पोळीवर थबकलं. त्या घरात कशावरूनही थट्टा चालायची, कानांवरून नाही.

“आज तरी जीभ आवर, मेल्या. आज ऐकण्याचा दिवस आहे. आणि ही बॅग कशाला वर आणलीस?”

“खाली ठेवली तर एर्मेसदादा लाथेनं उडवतो. दुपारच्या गाडीनं तोरिनोला चाललोय मी. तिथे बसगाड्यांच्या कारखान्यात वेल्डर हवेत.”

“आजच?”

“आजच. दादाचा हुकूम आहे, ऐकण्याच्या वेळी खाली दिसायचं नाही. नव्या गाडीजवळ माझं तोंड नको.”

आर्जियाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते मनगटाने पुसलं आणि कपाळाला पीठ लागलं. नोर्मा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सारण भरून एकेक तोर्तेलीनी वळत होती. तिची बोटं भराभर चालली होती, पण आतून ती नुसती जळत होती.

“आई, त्याला विचार, ज्या हातांनी लेआर्कोला मारलं त्या हातांना तिथे तरी काम कोण देणार?”

हा निरोप मात्र आर्जियाने पोचवला नाही.

नेरियोने वळलेल्या तोर्तेलीनींतली एक उचलली, कच्चीच तोंडात टाकली. लहानपणापासून तो तेच करायचा आणि लहानपणापासून नोर्मा त्याच्या हातावर चापट मारायची. आज तिने मारली नाही.

“ताई,” तो म्हणाला, “खाली जाशील ना, तेव्हा डोळे मिटून उभी राहा. बाकी माझं काही म्हणणं नाही.”

बॅग उचलून तो मागच्या जिन्याने अंगणात उतरला. नोर्मा मनात म्हणाली, जा बाबा, एकदाचा जा, आणि लगेच तिला रडूही आलं.

इटलीतल्या मोदेनात गाड्यांचा पत्रा ठोकणारे तेव्हा पैशाला पासरी होते. युद्ध संपून दहा वर्षं होत आली होती, शर्यतीच्या गाड्यांचं वेड गावाला लागलं होतं आणि ज्याच्याकडे हातोडा तो कारागीर झाला होता. तरी लोक मालागोलींच्या दाराशी का यायचे? तर नोर्माच्या बापाच्या, ओरेस्ते मालागोलीच्या कानासाठी. गाडीचा सगळा पत्रा ठोकून, जोडून, घासून झाला की रंग चढण्याआधी म्हातारा स्वच्छ सदरा घालायचा, टाय बांधायचा आणि नासपतीच्या लाकडाची मोगरी घेऊन गाडीभोवती फिरायचा. प्रत्येक जोडावर हलकी मोगरी, आणि कान. सगळं घर भोवती उभं. खोकायचीही सोय नाही. शेवटी तो “खणखणीत!” म्हणाला की लांब्रुस्को वाइनची बाटली उघडायची. नाही म्हणाला तर पत्रा उचकटून काढायचा, मग मालक दारात बसून बोंबलत का राहेना! एका मालकाने एकदा रागाने टोपी पायाखाली तुडवली होती. ओरेस्तेने त्याला टोपीचे पैसे दिले, गाडी दिली नाही.

आता उभा जन्म अॅल्युमिनियम बडवण्यात गेलेल्या माणसाचे कान किती टिकणार? जेवताना शेजारच्याने मीठ मागितलं तर ओरेस्तेला कळायचं नाही. घरात सगळे त्याच्याशी ओरडून बोलायचे आणि आपण ओरडतोय हे कोणी कबूल करायचं नाही. “त्यांना माणसांचं ऐकू येत नाही,” आर्जिया ठणकावून सांगायची, “पत्र्याचं येतं.” रविवारच्या प्रार्थनेवर ठेवावा तसा घरादाराने त्यावर विश्वास ठेवला होता. नोर्मानेसुद्धा.

म्हणूनच शर्यतीत लेआर्कोच्या गाडीचं नाक भर वेगात उकलून मागे त्याच्या तोंडावर आलं, तेव्हा दोष कोणाचा हे ठरायला वेळ लागला नाही. बाबा खणखणीत म्हणाले होते, म्हणजे गाडी घरातून नीट गेली होती. मग जोड मागाहून सुटला. कच्चा असणार. जोड मारला कोणी? नेरियोने. एर्मेसने हे दफनभूमीच्या फाटकाशीच सांगून टाकलं होतं आणि नेरियोने खाली मान घातली होती. नोर्माला पुरावा आणखी काय हवा होता? ती बाळंतिणीच्या खाटेवर होती. ना ती त्या गाडीच्या ऐकण्याला हजर होती, ना शर्यतीला.

खाली कारखान्यात शेगडी पेटवली होती तरी पायांतून गारठा चढत होता. नवी गाडी लाकडी घोड्यांवर उभी होती, उघडीवाघडी, बिनरंगाची. नोर्माची नजर नाकावर गेली. तेच नाक. लांब, खाली झुकलेलं, बदकाच्या चोचीसारखं.

“हेच पुन्हा का?” तिने एर्मेसला विचारलं.

“मालकाला आवडलं.” एर्मेस तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. कागदावर रेघ न ओढता तो सगळी गाडी खडूने भिंतीवर काढायचा, मग त्या खडूवरून लोखंडी गजांचा सांगाडा वाकवायचा आणि त्यावर पत्रा बसवायचा. डोळा असा की केसाएवढा फरक त्याला दारातून दिसे. “वारा कापणारं याच्यापेक्षा चांगलं नाक मोदेनात कोणी केलं नाही, नोर्मा. नाकात खोट नव्हती. खोट जोडात होती. या वेळी जोड रेज्जो गावच्या माणसाकडून मारून घेतलाय. नेरियोला हात लावू दिला नाही.”

“वहिनी, तुम्ही नाक काय बघताय, माझी दशा बघा!” गाडीत बसलेला आफ्रो ओरडला. लेआर्कोचा धाकटा भाऊ, मेकॅनिक होता, आता भावाच्या जागी तोच गाडी चालवणार होता. “दादाच्या मापाची बैठक, आणि माझं बूड हे असं. तुमच्या भावाने दोन्ही बाजू ठोकून ठोकून रुंद केल्या तेव्हा कुठे मावलो.”

“रात्री दोन ताटं कमी खा,” एर्मेस म्हणाला.

“मग चालवायला ताकद कुठून आणू?”

सगळे हसले. आफ्रो हसला की गालावर लेआर्कोसारखीच खळी पडायची. नोर्माने दुसरीकडे पाहिलं.

ओरेस्ते आला. टायची गाठ वाकडी होती. आर्जियाने ती सरळ केली. आफ्रो गाडीतून उतरून भिंतीला टेकला. कोणीतरी शेगडीचं झाकण बंद केलं आणि कारखान्यात चिडीचूप झालं.

म्हातारा मागच्या बाजूने निघाला. टण्ण. दोन पावलं. टण्ण. चाकावरचा फुगीर पत्रा, दाराची कड, बॉनेट. टण्ण, टण्ण. लहानपणी हाच आवाज ऐकत नोर्मा या घोड्यांखाली खेळली होती. नेरियोचं ऐकायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तरी तिचे डोळे मिटले.

टण्ण. टण्ण. मग नाकाच्या दुमडलेल्या कडेचा उजवा ओठ, टण्ण. मग डावा.

बद्द.

फुटक्या मडक्याचा असतो तसा, मेलेला आवाज. तिने डोळे उघडले. ओरेस्ते मोगरी धरून थांबला होता आणि मान वर करून सगळ्यांकडे एकेकदा बघत होता. आर्जिया जमिनीकडे बघत होती. एर्मेस बाटलीचं बूच फिरवत होता. त्याचा चेहरा इस्त्री केल्यासारखा.

“खणखणीत!” ओरेस्ते म्हणाला.

“बद्द वाजलं,” नोर्मा म्हणाली.

एर्मेसच्या हातून बूच पडलं. “काय?”

“डाव्या ओठावर. बद्द वाजलं. तू ऐकलंस.”

“काय वाजलं?” आफ्रो भिंतीपासून सरळ झाला.

“काही नाही रे, मोगरी तिरपी बसली. हिला काय कळतं त्यातलं!”

“काय म्हणतेय पोरगी?” ओरेस्तेने विचारलं.

“काही नाही!” आर्जिया त्याच्या कानाशी ओरडली. “तिला लेआर्कोची आठवण आली!”

ओरेस्तेने जवळ येऊन नोर्माच्या गालावरून हात फिरवला. आईने माझ्या नवऱ्याच्या मरणाचा पडदा केला, तिच्या मनात आलं. माझ्यासमोर, माझ्या तोंडावर.

एर्मेसने तिला दंडाला धरून मागच्या अंगणात ओढलं. आर्जिया मागोमाग आली. धुक्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी, नेरियो बॅगेवर बसला होता.

“तू अजून इथेच?” एर्मेस खेकसला.

“ऐकत होतो. भिंतीपलीकडूनही कळतं, दादा.”

“हा जोड रेज्जोच्या माणसाचा,” नोर्मा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. “नेरियोचा हातही लागलेला नाही. तरी वाजला तिथेच. त्याच जागी. कसा काय, एर्मेस?”

आणि मग नोर्मा वळली आणि वसंतापासून पहिल्यांदा धाकट्या भावाशी बोलली. “तू सांग.”

नेरियो उठून उभा राहिला. “ओठ आत दुमडलाय ना, त्याच्यात जोड येतो. अॅल्युमिनियम जोडायला पावडर लागते आणि जोड झाल्यावर ती गरम पाण्याने, ब्रशने घासून काढावी लागते. नाहीतर ती आतून पत्रा खाते. बाहेरून आरसा, आतून भुगा. त्या दुमडीत ब्रशच जात नाही. मी म्हटलं होतं, जोड चार बोटं वर घेऊ. दादा म्हणाला, नाकाची रेघ बिघडते.”

“बिघडतेच!” एर्मेस म्हणाला.

“आणि लेआर्कोच्या वेळी?” नोर्माने विचारलं. “तेव्हा कसं वाजलं होतं?”

आर्जियाने एप्रनचं टोक मुठीत धरलं.

“बद्द,” नेरियो म्हणाला.

“तू ऐकलंस?”

“मी ऐकलं. दादाने ऐकलं. आईने ऐकलं.”

“आणि गप्प बसलात?”

“बाबा खणखणीत म्हणाले गं!” नेरियोचा आवाज फाटला. “मला वाटलं, माझाच कान चुकला. दादाकडे बघितलं, तो टाळ्या वाजवत होता. संध्याकाळी मी त्याला म्हटलं, मला ओठ उघडू दे. तो म्हणाला, गाडी उद्या द्यायचीय, आणि तू बाबांपेक्षा शहाणा का?”

“मला खरंच वाटलं होतं की बाबांना जास्त कळतं,” एर्मेस म्हणाला. त्याचा सगळा तोरा उतरला होता. धुक्यात तो एकदम म्हातारा दिसला. “लेआर्कोनेही विचारलं मला. तिथे आवाज वेगळा आला का रे, म्हणाला. मी हसलो. म्हटलं, बाबांचा कान चुकत नाही.”

नोर्माने पिंपाची कड धरली. राग यायला हवा होता. लेआर्कोने विचारलं होतं. विचारून, मान हलवून, या घरावर भरवसा ठेवून तो गाडीत बसला होता.

“मग याच्यावर का ढकललंस?” तिने नेरियोकडे बोट केलं.

“तर काय सांगू? बाप बहिरा झालाय म्हणून? उद्यापासून दाराशी कुत्रं येणार नाही!” एर्मेस म्हणाला. “जोडणारा बदलता येतो. बाबांना कुठून बदलून आणू?”

“आणि तू? तूही ऐकून घेतलंस?”

नेरियोने खांदे उडवले. “मी तोंड उघडलं असतं तर बाबा राहिले असते का?”

आर्जिया पुढे आली आणि तिने नोर्माचे दोन्ही हात धरले. “माझं ऐक, बाळा. त्यांना सांगू नकोस. मरतील ते. त्यांचं दुसरं आहे काय? एर्मेस ओठ उघडेल, नेरियो पुन्हा जोड मारेल, मी त्याला जाऊ देत नाही तोरिनोला. चौघांतच राहील. आफ्रोला काही होणार नाही.”

“मालक दुपारी येऊन गाडी रंगाला नेतोय,” एर्मेस म्हणाला. “जमवू काहीतरी. रंगवाल्याकडे जाऊन उघडतो.”

क्षणभर, खोटं कशाला, नोर्मालाही ते पटलं. बाबा बाबा राहतील, नेरियो घरात राहील, आफ्रो जगेल. मग तिच्या लक्षात आलं की हे असंच मागच्या वेळीही ठरलं असणार, आणि पुढच्या गाडीच्या वेळीही ठरेल. आत आफ्रो शीळ घालत होता.

तिने आईचे हात सोडवले आणि ती आत गेली.

ओरेस्ते ग्लास पुसत बसला होता. नोर्मा त्याच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरला आणि कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्याने म्हणाली, “बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही!”

आफ्रोची शीळ थांबली. दारात बाकीची तिघं येऊन उभी राहिली होती.

“ओरडू नकोस,” ओरेस्ते म्हणाला. “ओरडता तेव्हा तुमचे ओठ वेडेवाकडे होतात, मग मला काही कळत नाही. हळू बोल.”

नोर्माने हात खाली घेतले.

“तुम्हाला माहीत आहे?”

“माझे कान गं, मला माहीत नसणार? उजवा युद्धाआधीच गेला. डावा तू लग्न करून गेलीस त्या सुमाराला.”

“मग मोगरी?”

“मोगरी मी मारतो. ऐकता तुम्ही.” एवढी साधी गोष्ट कळत नाही, असा त्याचा सूर होता. “मी तुमची तोंडं बघतो. जोड खराब असला की तुझ्या आईच्या कपाळाला आठी पडायची. नेरियो नाक खाजवायचा. मी तिथेच थांबायचो, पत्रा काढायला लावायचो. किती गाड्या पुन्हा उचकटायला लावल्या तशा! आताही बघितलं. कोणाच्या तोंडावर काही नव्हतं. तू डोळे मिटले होतेस, तुझं कळलं नाही.”

“बद्द वाजलं, बाबा,” नोर्मा हळू म्हणाली. “डावा ओठ.”

तो उठला. “दाखव.”

तिने बोट ठेवलं. नेरियो पुढे आला, त्याला कोणी अडवलं नाही. त्याने दुमडीत छिन्नी घातली आणि हातोड्याचा एकच घाव दिला. जोड ओल्या पावासारखा सुटला. आतून पांढरी, ओलसर भुकटी फरशीवर पडली. आफ्रोने खाली वाकून ती बोटाने उचलली, पाहिली आणि पँटला पुसली. त्याने खुंटीवरचा कोट घेतला आणि तो बाहेर निघून गेला.

“मालकाला मी सांगतो,” ओरेस्ते म्हणाला. “ही गाडी जात नाही. हे नाक आता आपल्या कारखान्यात होणार नाही.” एर्मेसने मान हलवली. तो रडत होता.

ओरेस्ते त्या भुकटीकडे बघत राहिला. नेरियो हात धुवायला वळला, नोर्मा गुडघ्यावरची धूळ झटकायला लागली. सगळ्यांना वाटलं, झालं, संपलं.

“हा जोड रेज्जोवाल्याचा,” म्हातारा म्हणाला. “आणि लेआर्कोच्या गाडीचा नेरियोचा होता. त्या दिवशीही मी सगळ्यांची तोंडं बघितली होती. तिथेच थांबून, नीट बघितली होती. काही नव्हतं. म्हणून मी खणखणीत म्हणालो.”

त्याने भुकटीवरून नजर उचलली.

“तेव्हा वाजलं होतं का?”

त्याने एर्मेसकडे बघितलं. मग नेरियोकडे. घाई न करता, जोडांवरून फिरायचा तसा. शेवटी तो आर्जियाकडे वळला. तिने पिठाचा एप्रन दोन्ही हातांनी उचलून तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे गदगदत होते.

ओरेस्ते तिच्याजवळ गेला आणि तिची बोटं एकेक करून सोडवू लागला.

“तोंड झाकू नकोस, आर्जिया,” तो म्हणाला. “मला तेवढंच ऐकू येतं.”